टाकातलं इंजिन

ज्ञानदेव सोनारानं आतल्या खिशातून मलमलीची पुरचुंडी काढली, गाठ दातानं सोडवली आणि टाक अनसाबाईच्या तळहातावर ठेवला. विड्याच्या पानाएवढा चांदीचा पत्रा. त्यावर इंजिन होतं. पुढचा दिवा, बाजूच्या जाळ्या, खाली सहा चाकं, चाकांखाली रूळ आणि रुळांखाली खडी, तीसुद्धा टिपका टिपका ठोकून उठवलेली.

अनसाबाईनं टाक दाराच्या उजेडाकडं धरला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिली.

"इंजिन झ्याक झालंय," ती शेवटी म्हणाली. "पण हे कुठं हायेत?"

वर्षश्राद्धाला दौंडच्या घरी जमलेली सगळी डोकी त्या पत्र्यावर वाकली. शंभूनं बघितलं, वच्छलावहिनीनं बघितलं. नकुशीआत्यानं तर टाक उलटा करून मागूनही बघितला, जणू तिचा भाऊ म्हस्कू पलीकडच्या बाजूला बसला असेल. इंजिनाची खिडकी नीट कोरलेली होती. खिडकीत कोणी नव्हतं.

म्हस्कूआबांची धाकटी मुलगी रुपाली एक पाऊल मागं सरकली. चूक तिची होती.

घरातलं जाणतं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करायचा आणि गावाकडं, न्हावऱ्याच्या देव्हाऱ्यात वाडवडलांच्या ओळीत बसवायचा, ही कोळपे घराण्याची रीत. ओळीतले सगळे सारखेच दिसत. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायाशी मेंढरू. आबांचाही तसाच करा, असं तिचा थोरला भाऊ शंभू म्हणाला होता. पण आबांनी मिसरूड फुटायच्या वयात काठी टाकली आणि दौंडच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला लागले, ते ड्रायव्हर होऊनच रिटायर झाले. सारी हयात ज्यानं मनमाड आणि सोलापूरच्या गाड्या ओढल्या, त्याच्या पायाशी मेंढरू कशाला, असं रुपालीला वाटलं. शिरूरला शाळेत शिकवायला जाता जाता, दुकानाच्या पायरीवरूनच तिनं सोनाराला सांगितलं होतं. तेव्हा ती कुणाशी आबांबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू शकत नव्हती. दोन वाक्यं बोलून ती निघून गेली होती.

"ताई म्हणल्या, काठी नको, घोंगडं नको, मेंढरू नको," ज्ञानदेव सोनार सगळ्यांना ऐकवत होता. दोष आपल्यावर येतोय हे त्याला कळलं होतं. "म्हणलं, मग काय? तर म्हणल्या, इंजिन काढा. आता आमच्या शिरूरला रेल्वे न्हाई. कॅलेंडरवरचं बघून केलं असतं, पण म्हणलं म्हस्कूआबाचं काम हाय, चूक नको. यष्टी धरून इथं दौंडला आलो. फलाटावर बसलो निम्मा दिवस. गाड्या आल्या, गेल्या. मला इंजिन दिसलं. माणूस काय दिसला न्हाई. जे दिसलं ते ठोकलं."

"म्हंजी बिनड्रायव्हरची गाडी," सुरज म्हणाला आणि हसला. "काका, तुम्ही काळाच्या पुढं हायसा बघा."

"हसू नको," त्याची आई वच्छला म्हणाली.

"मी कशाला हसू? आठवडाभर मी घसा कोरडा करून दुसरं काय सांगतोय? आता टाकानं बी तेच सांगितलं."

स्वप्नाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खिरीचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं भावाकडं पाहिलं, मग टाकाकडं, आणि पातेलं घेऊन आत गेली. ते आत जाणं रुपालीला नीट ओळखता आलं; तीही अशीच निघून जायची. शंभूच्या या मुलीनं दौंडला आजी-आजोबांजवळ राहून आयटीआय केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि असिस्टंट ड्रायव्हर म्हणून तिची निवड झाली. सोमवारी भुसावळला ट्रेनिंगसाठी हजर व्हायचं होतं. आज शुक्रवार. शंभूनं अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तो "बघू" म्हणत होता, आणि शंभूचं "बघू" म्हणजे काय, ते घरातल्या बायकांना माहीत होतं.

*

पंगतीत पहिला विषय तोच निघाला. काढला सुरजनंच, भज्याचं ताट पुढं सरकवत.

"आप्पा, मी बहिणीचं वाईट चिंतीन का? तुम्हीच सांगा. आमच्या कंपनीत जपानचे साहेब आले होते. त्यातल्या एकाच्या गावात वीस वर्षं झाली, गाडी चालती आन् गाडीत ड्रायव्हर न्हाई. पहिल्या डब्यात पुढच्या काचेपाशी बारकी पोरं बसत्यात, गंमत बघत. दिल्लीत आता जमिनीखालनं गाडी सुरू झालीय. तिथं माणूस हाय, पण दारं लावायला. बाकी सगळं कॉम्प्युटर."

"जपानात मेंढरं न्हाईत रुळावर," शंभू म्हणाला.

"मेंढरं कॅमेऱ्याला दिसत्यात आप्पा. माणसापेक्षा चांगली दिसत्यात. कॅमेऱ्याला झोप येत न्हाई."

"मग तू कॅमेऱ्याबरोबर जेवायला बसत जा," नकुशीआत्या म्हणाली. तिला दात नव्हते, त्यामुळं ती खीरच तिसऱ्यांदा घेत होती. "पोरीनं इंजिनावर जावं हे मला बी पटत न्हाई. पण तुझं कारण येगळंच हाय बाबा. मी म्हणती पोरीची जात, एकटी रात्रीबेरात्री कुठं जाणार? तू म्हणतोस गाडीच एकटी जाणार."

ज्ञानदेव सोनाराला हसू आलं, पण टाकाची आठवण होऊन त्यानं ते आमटीच्या भुरक्यात बुडवलं.

रुपाली वाढता वाढता थांबली. सुरज म्हणत होता ते खोटं नव्हतं. तिनंही वाचलं होतं. आबा तिच्यासाठी प्रत्येक फेरीला स्टेशनावरच्या गाळ्यातून एक पुस्तक आणत; स्वतः बोट ठेवून वाचणारा माणूस, कुठलं आणायचं ते कळत नसे, म्हणून जाड बघून आणत. मनमाडहून आणलेली निम्मी हिंदी असत. त्या सवयीनं ती आजही हाताला लागेल ते वाची, आणि विनाचालक गाड्यांबद्दल तिनं जे वाचलं होतं त्यात सुरजला खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. तिनं भाचीची बाजू घ्यायची ठरवून ठेवली होती. बाजू घ्यायला तिच्याकडं मुद्दा नव्हता.

"सुरज, तुझ्या लाइनीवर काय झालं ते सांग की सगळ्यांना," स्वप्नाली आतूनच म्हणाली.

"त्याचा काय संबंध?"

"संबंध हाय म्हणून म्हणते."

सुरजनं घास ताटातच ठेवला. सणसवाडीला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो वेल्डिंगला होता, कंत्राटावर. चार वर्षं झाली होती. "नवीन मशीन आणलंय," तो म्हणाला. "लोखंडी हात हाय नुसता. आठ जण होतो आम्ही तिथं. आता दोघं."

"आन् तू?" वच्छलावहिनीनं विचारलं. घरात हे स्वप्नालीशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"दोघांतला एक हाय मी. सध्या तरी." तो बहिणीच्या दिशेनं वळला. आवाज खाली आला होता. "म्हणूनच सांगतोय ना. त्या सहा जणांनी काय चूक केली होती? एक बिहारचा होता, त्याच्यासारखं वेल्डिंग पुण्यात कुणाचं नसंल. गेला गाव को, असं म्हणून. तू चार वर्षं शिकशील, मग एक दिवस लोखंडी हात यील. त्यापेक्षा आमच्याकडं स्टोअरला कॉम्प्युटरवर जागा हाय. मी साहेबांशी बोललोय. सावलीत बसून काम. रूम घेऊन राहू दोघं भाऊ-बहीण."

मग तो तिची चेष्टा करत नव्हता तर. तो घाबरला होता आणि बहिणीला आपल्या शेजारी ओढून घेत होता. वच्छलावहिनी सकाळपासून मुलीच्या बाजूला होती. ती आता मुलाच्या ताटात तूप वाढू लागली.

स्वप्नाली बाहेर आली. हात पदराला पुसत नव्हती, कारण ती पंजाबी ड्रेसवर होती. ओढणीची गाठ कमरेला मारलेली होती.

"दादा, तू म्हणतोस ते होईल," ती म्हणाली. "आबांना बी मी विचारलं होतं. ते म्हणले, कोळशाचं इंजिन बंद झालं तवा शेडमधली माणसं रडली. फायरमन संपला म्हणली. फायरमन खरंच संपला. आबा फायरमन होते. ते डिझेल शिकायला गेले, पोराच्या वयाच्या मास्तरापुढं बाकावर बसले. मी पण बसंन. गाडी आपली आपण चालायला लागली तर ती कशी चालते, ते शिकंन. पण आज मालगाडी इथनं मनमाडला जाते ती माणूस घेऊन जाते. तो माणूस मी व्हायला काय हरकत हाय?"

शंभू ताटातल्या भातात बोटानं रेघ ओढत होता.

"आप्पा," स्वप्नाली म्हणाली.

"बघू," शंभू म्हणाला आणि हात धुवायला उठला.

*

परसातल्या नळाशी रुपालीनं त्याच्या हातावर पाणी घातलं. परसाच्या कुंपणाच्या तारेवर आबांची लाइनची पेटी होती, म्हणजे तिचं झाकण होतं, उन्हाला ठेवलेलं. पत्र्याची काळी पेटी, पांढऱ्या रंगात नाव. ड्यूटीवर जाताना तिच्यात डबा, दिवा, झेंड्या, बॅटरी आणि एक जास्तीचा सदरा असे. रिटायर झाल्यावर अनसाबाई तिच्यात डाळी ठेवायला लागली होती.

"दादा, तुला सुरजचं पटतंय का?"

"त्याचं काय पटायचंय? उद्याचं कुणाला ठाऊक. कांद्याचं मला म्हैन्याभरापुढचं कळत न्हाई."

"मग अडलंय कुठं?"

शंभूनं ओले हात धोतराला पुसले. "तुला आठवत नसंल. तू बारकी होतीस. दिवाळीला मला आबा उटणं लावत होते. निम्मं अंग झालं आन् शेडमधनं बोलावणं आलं. गेले तसेच. हाताला उटणं, तसेच गेले. आई म्हणली, ये मी लावते. मी लावून घेतलं न्हाई. तिसऱ्या दिवशी आबा आले तवर ते वाळून खपल्या पडल्या होत्या." तो कुंपणापलीकडं बघत होता. "सगळी म्हणत्यात, गाडीला माणूस लागणार न्हाई, नोकरी जाईल. मला नोकरी जायचं भ्या न्हाई गं. ऱ्हायचं भ्या हाय. लागतोय ना माणूस गाडीला, म्हणून तर तो घरात नसतो."

रुपालीच्या हातातला तांब्या भरून वाहू लागला. आबा गेल्यापासून वर्षभर ती समजत होती की शंभू रडला नाही कारण त्याला दुःख कमी झालं.

"तुला त्यांच्याबरोबर सिग्नल म्हणायला सुद्धा आवडायचं नाही," ती म्हणाली.

"न्हाई आवडायचं."

घराबाहेर पडलं की आबा सिग्नल दिसेल तिथं थांबत. हात थोडा वर करून म्हणत, "हिरवा." आणि मग सोबतच्या माणसानं "हिरवा" म्हणेपर्यंत पाऊल उचलत नसत. केबिनमध्ये दोघं असतात. असिस्टंटनं सांगायचं, ड्रायव्हरनं परत म्हणायचं, किंवा उलटं. आयुष्यभराची सवय रस्त्यावर सुटत नव्हती. बाजाराला जाताना अनसाबाई परत म्हणायची. तिचे गुडघे गेल्यावर स्वप्नाली म्हणायची. रुपाली सुट्टीत आली की म्हणायची. शंभू खांबासारखा उभा राहायचा, आबा त्याच्या तोंडाकडं बघायचे, आणि मग न बोलता दोघं चालायला लागायचे.

आज सकाळी शिरूरहून येताना फाटकाजवळ रुपालीची एसटी थांबली. खिडकीतून सिग्नल दिसला. ती हलक्या आवाजात "हिरवा" म्हणाली आणि शेजारच्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. तिनं पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

हे तिनं शंभूला सांगितलं नाही. नळ बंद केला.

*

आत नकुशीआत्यानं टाक पाटावर ठेवून सोनाराला समोर बसवलं होतं.

"माणसाबिगार टाक देव्हाऱ्यात बसत न्हाई," ती म्हणत होती. "उद्या पोरं विचारतील, हे कोण? काय सांगायचं? इंजिन आमचं आजोबा?"

"दुसरा करून देतो की. पंधरा दिवस द्या."

"वरीस आज सरतंय. आज बसला पायजे."

"मग काठी-घोंगड्याचा जुना ठसा हाय माझ्याकडं. तसाच एक..."

"न्हाई," शंभू दारातून म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सगळ्यांसारखाच करा असं म्हणणारा तोच होता. "इंजिनच ऱ्हाऊ द्या. आबा त्यातच असायचे. खिडकीत बसवा त्यांना."

सोनारानं टाक डोळ्याजवळ नेला. खिडकी तुरीच्या दाण्याएवढी होती. "नाक-डोळे व्हायचे न्हाईत एवढ्यात. डोकं होईल नुसतं."

"डोकं बास," नकुशीआत्या म्हणाली. "नाक काय लई देखणं नव्हतं त्याचं."

सोनाराच्या पिशवीत हातोडी, लाखेचा तुकडा आणि दोन बारीक खिळे होते. वरची कडी इथंच जोडायची म्हणून त्यानं आणले होते. वच्छलावहिनीनं चुलीवर लाख मऊ करून दिली. सोनारानं टाक त्यात पालथा दाबला, मागच्या बाजूनं खिडकीची जागा नखानं चाचपली, खिळा टेकवला आणि एकच टोला दिला. मग लाख सोडवून टाक उलटा केला. खिडकीत एक वाटोळा उंचवटा आला होता. रुपाली वाकून बघू लागली. एवढासा टिपका. पण खिडकीला टेकलेलं ते डोकं आबांचंच होतं.

अनसाबाईनं टाक घेतला, बघितला आणि परत दिला.

"दुसरा कुठंय?"

"दुसरा कोण वहिनी?"

"एकटा कसा चालवंल? शेजारी कोण बघणार? आपण हिरवा म्हणायचं, त्यानं हिरवा म्हणायचं. एकट्यानं बघितलेलं बघितलं न्हाई, असं म्हणायचे हे."

नकुशीआत्यानं स्वप्नालीकडं पाहिलं आणि घाईनं हात आडवा केला. "अनसे, येडी झालीस का? जित्या माणसाला टाकात बसवत न्हाईत."

"हिला कशाला बसवू?" अनसाबाई म्हणाली. "हिला खऱ्या इंजिनात जायचंय. तो हौसराव हाय. यांचा असिस्टंट. एकवीस वर्षं शेजारी बसला आन् यांच्या आधी गेला. त्याला पोरबाळ न्हाई, त्याचा टाक कोण करणार?"

सोनारानं शंभूकडं पाहिलं. शंभूनं मान हलवली. लाख परत ऊन केली गेली. या खेपेला टोला जास्तच हलका बसला. हौसराव आबांपेक्षा बारीक झाला. अनसाबाई म्हणाली, तो होताच बारीक.

भंडारा लावताना सुरज सगळ्यांच्या मागं उभा होता. मग पुढं झाला, वाकून टाकाकडं बघितलं आणि आजीला हळूच विचारलं, "आजी, आबा खरंच बाकावर बसले होते? पोराच्या वयाच्या मास्तरापुढं?"

"बसले की. घरी यिऊन मला शिकवायचे. डिझेलला किती शिलिंडर असत्यात, मला अजून पाठ हाय."

"किती असत्यात?"

"सोळा," अनसाबाई म्हणाली. "त्या लोखंडी हाताला कोण शिकिवतं रे, कसं जोडायचं ते?"

"एक साहेब येतो पुण्यानं. हातात रिमोटसारखं असतं त्याच्या."

"मग त्याच्यापशी जाऊन उभा ऱ्हा की."

स्टोअरच्या जागेचा विषय सुरजनं परत काढला नाही.

*

उन्हं कलल्यावर न्हावऱ्याकडची मंडळी निघाली. टाक शंभूच्या वरच्या खिशात होता. अनसाबाईला गुडघ्यांमुळं चालवत नव्हतं, ती दारातच थांबली. बाकीचे जीपच्या थांब्यापर्यंत चालत गेले; नकुशीआत्याला सुरजनं मोटारसायकलवर घेतलं होतं आणि तो इतका सावकाश चालवत होता की ती त्याला चालत गेलेलं बरं म्हणत होती. ज्ञानदेव सोनार रुपालीबरोबर मागं होता.

फाटक लागलं. मोटारसायकली, उसाची बैलगाडी, दुधाचे कॅन बांधलेली लूना, सगळं थांबलं. सिग्नलचा खांब फाटकापासून हाकेच्या अंतरावर. लाल होता.

स्वप्नाली सगळ्यांच्या पुढं, आडव्या दांड्याजवळ उभी होती. शंभू तिच्या मागं. रुपालीला दोघांच्या पाठी दिसत होत्या. शंभूची पाठ वाकायला लागली होती, आबांसारखीच, उजव्या बाजूनं.

लाल गेला. स्वप्नालीचा हात कोपरातून थोडा वर झाला.

"हिरवा," ती म्हणाली.

ते तिनं कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. सवयीनं आलं होतं. आणि मग, सवयीनंच, ती थांबली.

लूनावाला खाकरला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज झाला. रुपालीच्या ओठावर शब्द आला होता, पण तिनं तो गिळला. तो तिचा नव्हता.

शंभूचा डावा हात खिशावर होता. उजवा त्यानं उचलला, अर्धाच, ज्याला हे कधी करून माहीत नाही अशा माणसानं उचलावा तसा.

"हिरवा," तो म्हणाला.

स्वप्नालीनं मागं वळून बघितलं नाही. तिचा हात खाली आला आणि तिनं दांडा घट्ट धरला.

मालगाडी आली. जमीन हलली, नकुशीआत्यानं कानावर हात ठेवले. ज्ञानदेव सोनार टाचा उंचावून, एक डोळा मिटून इंजिनाकडं बघत होता. ते फाटकासमोरून गेलं तेव्हा खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं दिसलं, निळ्या सदऱ्यातलं, आणि त्याच्या पलीकडं दुसरं डोकं.

"दिसले," सोनार रुपालीला म्हणाला. त्याच्या आवाजात मोठं समाधान होतं. "हायेत. दोघं हायेत ताई. फलाटावर मी चुकीच्या बाजूला बसलो होतो."

डबे सरले. फाटक वर गेलं. शंभू चार पावलं चालला आणि थांबून रुपालीकडं वळला.

"आईला म्हणावं, पेटीतल्या डाळी काढून ठेव. रविवारी रात्री मी पोरीला घिऊन येतो, भुसावळपातूर सोडायला जाईन. आन् हिला सांग, दिवाळीला सुट्टी मिळती का, ते पहिल्या दिवशीच विचारायचं."

"मिळत नसती आप्पा," स्वप्नाली म्हणाली.

"ठाऊक हाय मला. तरी विचारायचं."

"मी येतो सोडायला," सुरज मोटारसायकलवरून म्हणाला. "आप्पांना गाडी बदलायची कळायची न्हाई."

"तुला कळती?" नकुशीआत्यानं विचारलं. "मग ही फटफटी सरळ चालव आधी."

जीप गेली. रुपाली एकटीच परत फिरली. फाटकाच्या अलीकडं तिनं एकदा मागं पाहिलं. सिग्नल पुन्हा लाल झाला होता.

घरी अनसाबाई ओट्यावर बसली होती. पुढ्यात आबांची पेटी होती, झाकण लावलेली, रिकामी. तूरडाळ, मटकी, हुलगे असे तीन डबे भिंतीशी ओळीनं लागलेले होते. ती ओल्या फडक्यानं पेटीचे कोपरे पुसत होती.

"थांबले व्हय फाटकाला?"

"थांबलो."

"शंभू काय म्हणला?"

रुपाली तिच्या शेजारी बसली. पेटीवरचं पांढऱ्या रंगातलं नाव ओलं होऊन चकाकत होतं. तिला बरंच काही सांगायचं होतं, उटण्याचं, कोपराचं, सोनाराचं. त्यातून एकच शब्द बाहेर पडला.

"हिरवा."

अनसाबाईचा पुसणारा हात थांबला. थोडासा वर झाला.

"हिरवा," ती म्हणाली, आणि फडकं पिळून पुन्हा पेटी पुसायला लागली.